काळी वाळू आणि कोरीच्या मिशा

मी फिश टँक सेटअप आणि मेंटेनन्सची कामं करतो. एका क्लायंटच्या ऑफिसातल्या टँकमधली पांढरी वाळू काढून काळी टाकायची होती, कारण पांढऱ्यावर त्यांचे कोरी (तळाशी राहणारे मिशीवाले मासे) आणि टेट्रा हे छोटे मासे अगदी फिके दिसायचे. मागणी रास्त होती, तळ गडद असला की माशांचा रंग खुलतो. पण मी पोचलो तर साहेबांनी वाळू आधीच आणून ठेवलेली, तीही दोन प्रकारची, आणि वर म्हणतात कुठलीही टाका हो, दोन्ही काळ्याच आहेत.

पहिली समुद्रकिनाऱ्यावरची. बशीत थोडी घेऊन व्हिनेगर ओतलं तर बारीक बुडबुडे सुरू, म्हणजे शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे हार्डनेस आणि पीएच हळूहळू चढत राहणार. मग मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवला तर त्याला अशी दाढी फुटली की साहेब खुर्ची सोडून बघायला आले. मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं खनिज. त्याने मासे मरत नाहीत, पण फिल्टरच्या इम्पेलरमध्येही (पाणी ढकलणाऱ्या चाकात) मॅग्नेटच असतो ना, कण तिथे चिकटतात आणि घासून घासून त्याची वाट लावतात.

दुसरी सँडब्लास्टिंगची (फवारा मारून पृष्ठभाग घासायची), स्लॅग म्हणजे भट्टीत उरणारा काचेसारखा मळ. दिसायला एकदम झकास, व्हिनेगर टाकलं तरी शांत. इथेच लोक फसतात, कारण व्हिनेगर फक्त चुना दाखवतं, धार दाखवत नाही. भिंगाखाली धरली तर सगळे टोकदार काचेसारखे कण. कोरी दिवसभर तोंडाने वाळू उचलून कल्ल्यांतून सोडत असतो, असल्या तळावर त्याच्या मिशा झिजायची भीती. शिवाय पिशवीवर कसला स्लॅग तेही लिहिलेलं नाही, कॉपरचा निघाला तर कोळंबी आणि गोगलगायींचं काही खरं नाही. आणि या टँकमध्ये कोळंबी आणि गोगलगायी दोन्ही होत्या.

मग मी माझ्याकडची गोल दाण्याची बेसॉल्ट काढली, दाणा साधारण 1 मिमी. तळ 90 बाय 45 सेंमी आणि थर 4 सेंमी म्हणजे 16 लिटर, वजनाने 25 किलोच्या आसपास. जास्त जाड थर घालू नये, खाली ऑक्सिजन पोचत नाही आणि सडका वायू साठतो. फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात भिजवून ठेवला, त्यातले पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरिया जगायला हवेत, आणि वाळू धूत बसलो.

साहेब म्हणाले, ही तर राखाडी आहे! म्हटलं कोरडी आहे म्हणून, ओली होऊ द्या.