तुम्ही विचारलेत म्हणून: फोटो खरा आहे, हे कसे कळते?

बेसबॉलच्या जुन्या छायाचित्रांचा माझा संग्रह पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "हा फोटो खरा आहे, हे तुम्हाला कसे कळते?" गेली कित्येक वर्षे मी या प्रश्नाला अर्धेच उत्तर देत आले आहे, कारण तेवढे अर्धे उत्तर सोपे आहे आणि ते ऐकून विचारणाऱ्याचे समाधानही होते.

ते अर्धे उत्तर असे. अतिनील दिव्याखाली फोटो चिकटवलेला पुठ्ठा निळसर पांढरा चमकू लागला, तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायने आहेत. ती कागदात १९५०च्या सुमारास येऊ लागली, त्यामुळे १८६५चा दावा तेथेच संपतो. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापखान्यातून निघालेले चित्र आहे. १८६०च्या दशकातील कार्डांचे, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवून विकल्या जाणाऱ्या छोट्या फोटोंचे, पुठ्ठे पातळ आणि त्यांचे कोपरे काटकोनी असत. गोल कोपरे पुढच्या दशकातले. कार्डाच्या पाठीवर महसुली तिकीट असेल आणि ते मागाहून चिकटवलेले नसेल, तर ते कार्ड सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात विकले गेले, कारण यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेत छायाचित्रांवर कर होता तो तेवढाच काळ.

परंतु ही सारी परीक्षा पुठ्ठ्याची आणि रसायनांची आहे. वस्तू किती जुनी, एवढेच तीतून कळते. तीत दिसणारी माणसे कोण आणि ती काय करत होती, हे कळत नाही. बनावट छायाचित्रांनी मला जेवढे फसवले, त्याहून अधिक अस्सल छायाचित्रांना लागलेल्या चुकीच्या ओळखीने फसवले आहे, आणि त्यांपैकी एक ओळख मीच दिलेली आहे.

न्यू जर्सीतील एका वृद्ध संग्राहकांनी मला तळहाताएवढे एक टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावर घेतलेले छायाचित्र, दाखवले होते. छातीवर बटणांनी लावलेली ढालीसारखी पट्टी असलेले सदरे, रुंद कातडी पट्टे, चार तरुण. एकाच्या हातात काहीतरी गोल. टिनटाइपमध्ये प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी उमटते, म्हणून मी ती फिरवून पाहिली, तेव्हा एकाच्या पट्ट्यावर अंगठ्याच्या पुढे एम, ए, एन ही तीन अक्षरे वाचता आली. मी ती 'मॅनहॅटन'ची सुरुवात मानली, उरलेली अक्षरे कमरेच्या वळणाआड गेली असे धरले, आणि हे यादवी युद्धाच्या सुमाराचे बेसबॉल खेळाडू आहेत, असे सहीनिशी लिहून दिले. त्या पत्रावर विसंबून त्यांनी २,५०० डॉलर मोजले.

तीन वर्षांनी त्याच टिनटाइपची मोठी, स्वच्छ प्रत मी पडद्यावर पाहत होते. अंगठ्याच्या कडेला, एमच्या आधी, आणखी एका अक्षराच्या तीन आडव्या रेघांची टोके दिसली. ते ई होते. मी आतापर्यंत शब्दाचे शेपूट पाहून त्याला डोके समजत होते. शब्द 'फोरमन' होता. स्वयंसेवी अग्निशमन दलांच्या प्रमुखांचे पट्टे असेच असत, आणि आज्ञा देण्यासाठी त्यांच्याजवळ धातूचा कर्णा असे. हातातला चेंडू म्हणजे त्या कर्ण्याचे आपल्याकडे वळलेले तोंड होते.

हे सांगायला मी चार महिने लावले. पुरती खात्री करून घेते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली; खरे तर खात्री पहिल्याच रात्री झाली होती. मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे तो चेंडू नाही?" मी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला एकही छायाचित्र दाखवले नाही.

माझ्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. त्या काळातील खेळाडूंच्या हातांत मोजे नव्हते, तोंडावर जाळी नव्हती. १८६०च्या दशकातील संघ ओळखायचा तो बॅट, चेंडू, सदरा आणि पट्टा यांवरूनच, आणि यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी बंबवाल्यांच्याही अंगावर असत. माणसेही वेगळी नव्हती. न्यू जर्सीतील होबोकनच्या मैदानावर खेळणाऱ्या निकरबॉकर या जुन्या बेसबॉल क्लबच्या संस्थापकांपैकी अलेक्झांडर कार्टराइट स्वतः स्वयंसेवी अग्निशामक होता. ज्या प्रसिद्ध डॅगेरोटाइपमधील (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील छायाचित्रातील) सहा जणांत तो असल्याचे सांगतात, त्यात तो खरोखर आहे की नाही, यावर जाणकारांचेच एकमत नाही. तेव्हा माझा तो फोरमनही सुटीच्या दिवशी खेळत नसेल कशावरून?

हा युक्तिवाद मी स्वतःशी अनेकदा केला आहे आणि दर वेळी तो मला निम्माच पटतो. फोरमन खेळत असेलही, पण त्या पत्र्यावर तो खेळाडू म्हणून उभा नाही, आणि माझ्या पत्रात तो खेळाडू आहे. मला तीन अक्षरे दिसली होती, तर तीन अक्षरे दिसतात एवढेच मी लिहायला हवे होते. पण तसे लिहिले असते, तर कोणी माझे मत मागितले असते का? तेव्हा मला ते मागितले जावे, असे फार वाटत होते.

ते गृहस्थ आता नाहीत. गेल्या वर्षी ते टिनटाइप लिलावात आले, सोबत माझे पहिले पत्र जोडलेले होते. चूक सुधारणारे दुसरे पत्र त्यांनी ठेवले नव्हते की घरच्यांना सापडले नव्हते, याचा पत्ता मला लागला नाही. मी त्याची प्रत त्याच दिवशी लिलावदारांना पाठवली आणि दोनदा फोन केला. वर्णन बदलले नाही. टिनटाइप विकले गेले; कोणी घेतले, हे ते सांगत नाहीत. आता माझ्या संग्रहातल्या प्रत्येक फोटोमागे मी एक चिठ्ठी ठेवते, आणि तीवर फक्त डोळ्यांना दिसते तेवढेच लिहिते. तुम्हाला ती अपुरी वाटते, हे मला ठाऊक आहे.