तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे करमतं का?

जुलै लागला की हा प्रश्न येतो. खिडकीतून काढलेला एखादा फोटो मी स्टेटसला टाकते, ढगाने अर्धा गिळलेला डोंगर आणि खाली पाणी. मग ठाण्याच्या जुन्या शेजारणीपासून ऑफिसातल्या नव्या पोरापर्यंत सगळे विचारतात, "तिकडे करमतं का गं?" पोटातला प्रश्न असतो, "आम्हीपण यावं का?" एप्रिलमध्ये कोणी विचारत नाही. एप्रिलमध्ये मी फोटोही टाकत नाही म्हणा.

तिकडे म्हणजे भंडारदरा. नेमकं सांगायचं तर शेंडी, धरणाला लागून असलेलं गाव, तालुका अकोले. मुंबईहून कसारा घाट चढायचा, इगतपुरी, घोटी, मग कळसूबाईच्या पायथ्याची बारी ओलांडून इथे. कोविडमध्ये सुरू झालेलं घरून काम आमच्या कंपनीने पुढेही चालू ठेवलं आणि 2022च्या दिवाळीनंतर मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून बोलत असते, त्यामुळे पहिले काही महिने आळीत चर्चा होती की मॅडम एकट्याच इंग्रजीत बडबडतात, घरच्यांनी इथे आणून सोडलंय की काय. घरमालकीण मावशींनी शेवटी एकदा सरळ येऊन स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. पलीकडच्या सहा जणांनी त्यांना नमस्कार केला, तेव्हा विषय मिटला.

आता तळ्याबद्दल. पर्यटक आर्थर लेक म्हणतात आणि पाणी तिथे कायमचं आहे असं धरून चालतात. मीही चालले होते. हे विल्सन धरणाचं पाणी, प्रवरा नदीचं. 1926 साली धरण पूर्ण झालं ते खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या शेतीसाठी. साधारण अकरा टीएमसीचा, म्हणजे अकरा अब्ज घनफुटांचा साठा. पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याचं लक्ष 'भंडारदरा भरलं का' याकडे असतं आणि ते भरलं की खालचा शेतकरी निर्धास्त होतो. मग हिवाळ्या-उन्हाळ्यात कालव्यांना आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या सुटतात आणि पाणी उतरत जातं. मी घर घेतलं तेव्हा पाणी ओसरीतून दिसत होतं. मे महिन्यात त्याच ओसरीतून भेगाळलेला चिखल आणि त्यावरून चाललेली गुरं दिसली. मी जरा हळहळले, तर मावशी म्हणाल्या, "ताई, ते पाणी आपलं नाय, खालच्यांचं हाये." तक्रारीचा सूर नव्हता. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकले होते. इथे वरच्या वाड्यांमधल्या बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतात आणि मागे धरणाची भिंत असते.

विजेचंही तेच. घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे (पाणी वर उपसायचं, मग खाली सोडून वीज करायची), धरणावरही वीज होते, आणि पावसाळ्यात माझी लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांची सिमं घेतली, लॅपटॉपच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. तरी चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी आलीच. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मीटिंगमध्ये मला कोणी बोलायला सांगत नाही. हा फायदाच धरा.

भाडं ठाण्याच्या मानाने काहीच नाही, पण वाचलेले पैसे नाशिकच्या फेऱ्यांत जातात. दात दुखला, नाशिक. चार्जर जळला, नाशिक. शनिवार-रविवारी मी कामाचं काही ठेवत नाही, कारण पाण्याकाठच्या तंबूंमध्ये माणसं येतात, सगळे एकदम व्हिडिओ टाकतात आणि नेट बसतं. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली तर दूधसुद्धा आदल्या दिवशी आणून ठेवायचं.

आणि 'लेक व्ह्यू प्लॉट' घ्यावा का असं विचारणाऱ्यांना वेगळं सांगते, कारण हे फोन वाढलेत. हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा मुलूख. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. कोणाच्या तरी नावावर घेऊन टाकू म्हणणारे एजंट भेटतात. मला तो प्रकार घाण वाटतो. भाड्याने राहा.

करमतं का? पहिले दोन-तीन महिने नाही करमलं. संध्याकाळी सातनंतर करायचं काय हेच कळेना. पुढे भाताची आवणी आली, मावशींच्या खाचरात मी एक दिवस उतरले आणि दोन दिवस कमरेवर शेक घेत बसले. माझ्या रोपांची ओळ बघून बायका हसल्या ते अजून हसतात. पण तेव्हापासून वाटेने जाताना कोणीतरी हाक मारतं. करमण्याला तेवढं पुरतं, निदान मला.

यायचंच असेल तर आधी मे महिन्याच्या शेवटी आठवडाभर राहून बघा. काजव्यांचे दिवस म्हणून शनिवारी गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइटच्या उजेडात काजवे शोधतात लोक. मी म्हणतेय ते मधल्या वारी. गेल्या वर्षी अशाच एका मंगळवारी वळवाचा पाऊस झाला, रात्री साडेनऊच्या कॉलमध्ये मी बोलत असतानाच लाईट गेली, पाठोपाठ टॉवरही गेला. चिडून मागच्या दारी आले. पाणी आटलेलं, चंद्र नाही, आणि परसामागचं सादड्याचं झाड अख्खं पेटत होतं, विझत होतं, सगळं एका दमात. मावशी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी नुसतं सरकून जागा दिली.

सकाळी मॅनेजरने विचारलं, काल अचानक कुठे गेलीस? म्हटलं, लाईट गेली होती.