चारशे लिटर

शिडाच्या बोटीवर राहणाऱ्यांचं सकाळचं एक काम ऐकून जमिनीवरची माणसं तोंड वाकडं करतात. पायाखालची फळी उचलायची, बोटीच्या तळाशी म्हणजे बिल्जमध्ये साठलेल्या पाण्यात बोट बुडवायचं आणि चाखायचं. खारट लागलं तर समुद्र आत येतोय. मग बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचं सील, तळातल्या झडपा, त्यांना जोडलेले पाइप असं एकेक तपासत जायचं. आळणी लागलं तर समुद्र बाहेरच आहे, पण पिण्याची टाकी गळतेय. पहिल्या बातमीने माणूस घाबरतो, दुसरीने खचतो. चाखण्याआधी रंग आणि वास मात्र बघायचाच. पाणी हिरवट किंवा गुलाबी दिसलं, बोटांना बुळबुळीत लागलं, तर ते इंजिनाचं कूलंट असू शकतं. ते चवीला खरोखरच गोड असतं आणि विषारीही असतं. ‘गोडं पाणी’ या शब्दाचा इतका शब्दशः अर्थ कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दोन माणसं राहतील अशा चाळीस फुटी बोटीवर बहुधा दोनशे-दोनशे लिटरच्या दोन टाक्या असतात. चारशे लिटर म्हणजे चारशे किलो, म्हणून त्या शक्य तितक्या खाली, बैठकीच्या बाकांखाली बसवतात. आत आडवे पडदे असतात, नाहीतर लाटांवर पाणी हिंदकळून टाकीच फोडेल. दोन टाक्यांच्या मधली झडप बंद ठेवायची, हा पहिला नियम. ती उघडी राहिली तर बोट एका अंगावर कलली की सगळं पाणी खालच्या टाकीत उतरतं. दुसरा तोटा मोठा आहे. एका टाकीतलं पाणी नासलं की दोन्ही नासतात.

माणशी दिवसाला दहा लिटर धरले तर हे पाणी वीस दिवस पुरतं. गॅलापागोसहून निघून पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांपर्यंतचं अंतर सुमारे तीन हजार सागरी मैल आहे आणि साधी बोट दिवसाला सव्वाशे-दीडशे मैल कापते. भागाकार ज्याचा त्याने करावा. म्हणूनच लांबच्या पल्ल्यावर दहाचे पाच लिटर होतात. त्यातले तीन पिण्याचे. त्यांत काटछाट करायची नाही, कारण उष्ण कटिबंधात घामाचा हिशेब शरीर आपल्याला विचारून करत नाही. उरलेल्या दोन लिटरांत बाकीचा संसार. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. चुळा भरताना नळ धो धो सोडून आरशात बघत राहणाऱ्याला मात्र महिना लागतो.

त्या महिन्यात सगळ्यात चांगला शिक्षक म्हणजे पायपंप. नळ उघडताच आपोआप सुरू होणारा विजेचा पंप सुखाचा असतो, पण तो पाणी मोजू देत नाही. पायपंप एका दाबाला वाटीभरही देत नाही, आणि पाय दुखला की हात आपोआप आवरतो. विजेच्या पंपाचा गुण वेगळाच. रात्री सगळे नळ बंद असताना तो मधूनच दोन सेकंद ‘टर्र’ करून थांबला, तर कुठेतरी थेंब गळतोय असं समजावं. दाब उतरतो, पंप जागा होतो, पुन्हा झोपतो. एखादा सांधा पुरता निखळला तर तो इमानदारीने सबंध टाकी बिल्जमध्ये ओततो आणि बिल्जचा पंप तितक्याच इमानदारीने ती समुद्रात टाकतो. झोपण्याआधी आणि बोट सोडून किनाऱ्यावर जाताना त्या पंपाचं बटण बंद करणं, हे घराला कुलूप लावण्याइतकंच सवयीचं व्हावं लागतं.

भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची. अंगाचा साबण खाऱ्या पाण्यात फेसत नाही, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा चिकट साका करून टाकतं. भांड्यांचं पातळ डिटर्जंट मात्र चालतं. शेवटी फवाऱ्याच्या बाटलीतून गोड्या पाण्याचे चार शिडकावे. दोघांच्या जेवणाची भांडी अर्ध्या लिटरच्या आत होतात. भातालाही समुद्राची मदत घेता येते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, तेव्हा वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असेल तर त्यातलं पाव वाटी समुद्राचं घालावं आणि मिठाच्या डब्याला हात लावू नये. बटाटे आणि अंडी तर नुसत्या खाऱ्या पाण्यात उकडली तरी बिघडत नाही. कुकरमध्ये डब्यांखाली खारं पाणी घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. कुकर स्टीलचा असेल तर ठीक, अॅल्युमिनियमला मात्र बारीक खड्डे पडतात. आणि हे सगळं खुल्या समुद्रात. नांगर टाकून दहा बोटी शेजारी उभ्या असतील तर त्या दहाही बोटींचे संडास कुठे उघडतात हे आठवावं आणि भाताला टाकीतलंच पाणी घ्यावं.

आंघोळीची खरी गोम मिठात आहे. मीठ हवेतला ओलावा धरतं, त्यामुळे समुद्राच्या पाण्याने धुतलेला टॉवेल कधीच पुरता वाळत नाही. मीठ अंगावर घेऊन कुणी गादीवर बसलं की गादीही कायमची दमट होते आणि मग बुरशी धरते. त्यासाठी डुबकी मारून वर आल्यावर पाणी वाळायच्या आत ते अंगावरून निथळून आणि पुसून काढायचं, म्हणजे बरंचसं मीठ त्याच्याबरोबर जातं. मग गोड्या पाण्याने अंग विसळायचं. त्याला सगळ्यात उत्तम साधन म्हणजे शेतात वापरतात तसला पाच लिटरचा हाताने दाब भरायचा फवारणी पंप. अर्थात कोरा, औषध कधीही न भरलेला. काळा रंग देऊन डेकवर ठेवला की दुपारपर्यंत पाणी कोमट होतं. दीड-दोन लिटरमध्ये एक आंघोळ होते. लांब केसांना आणखी एक लिटर, आणि त्यावरून भांडण करू नये.

मार्केसासमध्ये उंच डोंगर आहेत, ओढे आहेत, तिथे टाक्या भरून निघता येतं. तिथून चारेक दिवसांच्या अंतरावर तुआमोतू लागतं आणि चित्र पालटतं. सत्तराहून अधिक कंकणद्वीपं, प्रवाळाच्या बांगडीसारखी, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-चार मीटर वर. नदी नाही, ओढा नाही. जमिनीत पाणी आहे, पण ते तरंगतं. पावसाचं गोडं पाणी वजनाला हलकं, म्हणून ते मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं साचतं. समुद्रपातळीच्या वर ते एक हात चढलं, तर खाली सुमारे चाळीस हात पोचतं. हे प्रमाण ऐकायला उदार वाटतं, पण उलट्या बाजूनेही तेच लागू होतं. उपसा करून वरची पातळी वीतभर उतरवली की खालचं मीठ चाळीस वीत वर सरकतं. त्यामुळे रांगिरोआ असो की फाकारावा, घरांच्या छपरांना पन्हाळी आणि पन्हाळींखाली टाक्या दिसतात. त्या टाक्यांतलं पाणी मागू नये. कुणी आपणहून देऊ केलं तर थोडं घ्यावं.

आपल्या लक्षद्वीपचाही प्रश्न नेमका हाच. कवरत्तीला २००५ साली त्यावर एक सुंदर उपाय उभा राहिला. समुद्राच्या वरचं कोमट पाणी निर्वातात वाफाळायचं आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववून पुन्हा पाणी करायची. दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी, तेही समुद्राच्याच दोन थरांतल्या तापमानाच्या फरकावर.

बोटीवर एवढा थाट शक्य नाही. तिथे वॉटरमेकर असतो, म्हणजे घरातल्या आरओचाच दांडगा भाऊ. पाण्यातून मीठ गाळायला सुमारे ५५ बार दाब लागतो, मोटारीच्या टायरच्या पंचवीसपट. शंभर लिटर समुद्र आत घेऊन तो दहाएक लिटर गोडं पाणी देतो, बाकी परत समुद्रात. बारा व्होल्टवर चालणारा छोटा संच तासाला पंचवीस-तीस लिटर काढतो. तो भर दुपारी, सौर पॅनेल जोरात असताना चालवावा. सुरुवातीच्या काही मिनिटांचं पाणी टाकीत सोडायचं नाही. मापकावर क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या खाली उतरल्याशिवाय तर नाहीच. यंत्र नाजूक आहे आणि लाडावलेलंही. बंदरात चालवलं तर पाण्यावरचा डिझेलचा तवंग मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा आतला पातळ पडदा, कायमची मारतो. आठवडाभर नुसतं पडून राहिलं तर आत अडकलेले जीव मरून सडतात आणि नळातून नासक्या अंड्याचा वास येतो. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी गोड्या पाण्याने आतून विसळायचं, तेही कार्बनच्या फिल्टरमधून, कारण क्लोरीन मेम्ब्रेनला खपत नाही. बोट फार कलली की पाणी घेणारं छिद्रच समुद्राबाहेर येतं, पंप हवा ओढतो आणि रागावून बंद पडतो. अशा यंत्रावर विसंबून टाक्या अर्ध्या ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

किनाऱ्यावरून कॅनमध्ये पाणी आणायचं तर वीस लिटरचा कॅन वीस किलोचा होतो आणि तो हलत्या होडीतून डेकवर चढवावा लागतो. हातातून सुटला तरी गोड्या पाण्याचा कॅन खाऱ्यात काठोकाठ का होईना तरंगतो. नळाची खात्री नसेल तर चाळीस लिटरला पाच मिलिलिटर साधं, बिनवासाचं ब्लीच घालून अर्धा तास थांबावं. असं पाणी एकाच टाकीत भरायचं. आणि भरताना झाकण दोनदा वाचायचं. डेकवर पाण्याचं आणि डिझेलचं झाकण पुष्कळ बोटींवर जुळ्या भावांसारखं दिसतं. डिझेलमध्ये पाणी गेलं तर इंजिन रुसतं, पाण्यात डिझेल गेलं तर टाकी कितीही धुतली तरी चहाला महिनोन् महिने तो वास राहतो.

गंमत अशी, की १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले नौदलाचे दिलीप दोंदे ज्या बोटीतून गेले, ती गोव्यात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ होती. खाऱ्या पाण्यावर हिंडणाऱ्या बोटीला नाव गोड्या पाण्याच्या नदीचं. यापेक्षा योग्य नाव सुचणं कठीण.

राहता राहिला पाऊस. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. दहा चौरस मीटरचं ताडपत्रीचं छत बांधलं आणि वीस मिलिमीटरची सर आली तर कागदावर दोनशे लिटर. छताच्या मधोमध एक भोक, त्याला पाइप, पाइपचं टोक टाकीत. पहिली पाच-दहा मिनिटं वाहू द्यायची, त्यात छतावरचं मीठ आणि पक्ष्यांची शिट असते. छत नसेल तर डेकवर टाकीच्या झाकणामागे टॉवेलची वळकटी करून बांध घालायचा आणि डेक स्वच्छ धुऊन निघाला की झाकण उघडायचं. अडचण एवढीच, की उष्ण कटिबंधातली मोठी सर एकटी येत नाही. तिच्या पुढे पंचवीस-तीस नॉटचा, म्हणजे तासाला पन्नासेक किलोमीटरचा वारा धावतो, छत फडफडून फाटायला लागतं आणि ऐन पावसात ते उतरवून घ्यावं लागतं. ज्या सरी वाऱ्याशिवाय येतात, त्या फार वेळ थांबत नाहीत. हे ठाऊक असूनही नांगरावर उभ्या असलेल्या बोटीवर पहिला जाड थेंब पडला की कुणीतरी साबण घेऊन डेकवर पळतंच. डोक्याला भरपूर फेस होतो आणि तेवढ्यात सर पुढच्या बेटावर निघून जाते. मग तो माणूस डोळे मिटून तसाच उभा राहतो आणि खालच्याला विचारतो, मागे अजून एखादा काळा ढग दिसतोय का.