पेशींवर पाळत

रविवार असूनही काल दिवसभर लॅबमध्येच होते, मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत, स्क्रीनवर एका पेशीचा पाठलाग करत. फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, एवढं परदेशात जाऊन हेच करतेस का गं? तर हो, हेच करते.

बाळंतपणानंतर नाळेत जे रक्त उरतं त्यातून आम्ही अंगावर सीडी ३४ हे प्रोटीन असलेल्या पेशी काढतो, त्याही अक्षरशः चुंबकाने, म्हणजे त्या प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी, तिच्यावर लोहाचे बारीक कण आणि बाहेरून चुंबक. यातल्या खऱ्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातली कुठलीही पेशी बनू शकते अशा, अगदी थोड्या, बाकीच्या अर्ध्या वाटेवर पोचलेल्या. मग ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, कुठलं वाढीचं प्रोटीन घालाल त्यावर पुढचं बरंचसं. एरिथ्रोपोएटिन घातलं की लाल पेशींकडे कल, जी-सीएसएफ घातलं की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे. लाल वाटेची बॅच दोनेक आठवड्यांनी सेंट्रिफ्यूज केली की ट्यूबच्या तळाशी खरंच लाल ठिपका दिसतो, हिमोग्लोबिन! पहिल्यांदा मी ती ट्यूब उगाच दोनदा उजेडात धरून बघितली.

वैताग आहे तो नजर ठेवण्याचा. फ्लो सायटोमेट्रीसाठी दर दोन-तीन दिवसांनी थोड्या पेशी काढायच्या, रंगवायच्या, लेझरसमोरून एकेक सोडायच्या. सीडी ३४ उतरतं, सीडी ७१ चढतं, मग ग्लायकोफोरिन ए येतं (ही दोन्ही लाल होत जाणाऱ्या पेशींच्या अंगावरची प्रोटीन), ग्राफ एकदम झकास. पण सोमवारच्या पेशी वेगळ्या आणि गुरुवारच्या वेगळ्या ना! शाळेचे दरवर्षीचे ग्रुप फोटो बघून अमका मुलगा कधी बिघडला ते सांगा, तसं आहे हे. शिवाय लाल पेशींचं प्रमाण वाढलं म्हणजे नवीन पेशी त्या वाटेला लागल्या की बाकीच्या मेल्या, हे नुसत्या टक्क्यांवरून कळत नाही.

म्हणून टाइम-लॅप्स. दर काही मिनिटांनी फोटो, असं कितीतरी दिवस. फ्लुरोसन्सचे, म्हणजे प्रकाश टाकून पेशींवरचा रंग चमकवून घेतलेले, फोटो फार काढले तर प्रकाशानेच पेशी आजारी पडतात, कमी काढले तर माग सुटतो. त्यात या बाया एका जागी बसत नाहीत, सारख्या सरकतात, दोघी एकमेकींवर चढल्या की कोण कोणाची लेक ते विसरा. सॉफ्टवेअर ट्रॅक करतं पण नेमकं तिथेच चुकतं, मग तिथे माणूस लागतो, म्हणजे मी. काल एकीच्या विभागत विभागत १६ होईपर्यंत सगळं नीट होतं, मग एक फ्रेमबाहेर गेली, आणि थोड्या वेळाने जी आत आली ती तीच का दुसरीच, काय माहीत. वंशावळीतली ती फांदी तिथेच कापून टाकली. उद्या प्लेटमधली शेजारची वेल, म्हणजे पेशी वाढवायचा शेजारचा खळगा, बघायची आहे.