ट्रॉमॅटिक टॅप

छातीत पाणी झालं की आपल्याकडे आधी टीबी म्हणतात, आणि बहुतेकदा ते बरोबरही निघतं. रामबागेतल्या या काकांचं पाणी आधी दुसरीकडे काढलं होतं. रिपोर्टवर शेरा : रक्तमिश्रित, ट्रॉमॅटिक टॅप. म्हणजे सुई शिरेला लागली, विषय संपला. एडीए, म्हणजे पाण्यातली टीबीकडे बोट दाखवणारी टेस्ट, ४४; एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू. माझ्याकडे आले तेव्हा मीही कागद पाहून गोळ्या चालू ठेवल्या. ओपीडीत सत्तर पेशंट होते. हे कारण नाही, पण होते. काका म्हणाले, पोह्यांवर जिरावण मसाला जास्त पडतो, म्हणून खोकला.

तीन आठवड्यांनी पहाटे कॅज्युअल्टीत आले ते ओठ पांढरे, बीपी ८०. एक्स-रेत डावी बाजू पूर्ण पांढरी. आयसीडीची, म्हणजे छातीत नळी घालायची, तयारी होईपर्यंत एक सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली. सुई शिरेला लागली असेल तर रंग ओढता ओढता फिका होतो आणि सिरिंजमध्ये रक्त गोठतं. हे शेवटपर्यंत तसंच लाल, आणि गोठेना. टेक्निशियनला उठवून पीसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं टक्क्यातलं प्रमाण, फिरवायला लावला : पाण्याचा २१, अंगातल्या रक्ताचा २६. पाण्याचा रक्ताच्या निम्म्याच्या वर गेला की ते पाणी नव्हे, रक्तच. पाच मिनिटांची, चहाच्या पैशांतली टेस्ट. आधी कुणीच केली नव्हती. मीही नाही.

नळीतून १४०० मिली आलं, मग तासाला अडीचशे. पुस्तकात १५०० ला छाती उघडा लिहिलंय म्हणून उरलेल्या शंभराची वाट बघणारे सर्जन मी पाहिलेत. आमचा थांबला नाही. रक्तपेढीने मात्र भाच्याला 'आधी डोनर आणा' म्हणून दोनदा परत पाठवलं.

वाटलं होतं, एखादी शीर सापडेल, बांधू. छाती उघडली तर आत फुप्फुसाच्या सगळ्या आवरणावर जांभळाच्या रंगाच्या गाठी, प्रत्येक पाझरणारी. टाका घ्यावा तर फाटून यायचा. रक्त दाबायला कापडाचे पॅक भरून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका गेले.

बायोप्सी नंतर आली. अँजिओसार्कोमा, सीडी३१ आणि ईआरजी या रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या खुणा पॉझिटिव्ह. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचाच कॅन्सर. छातीत मी तो तोवर फक्त वाचलेला. सर्जन म्हणतो, आधी कळून काय केलं असतंस? असेलही. पण तेव्हा काका जिना चढून आले होते.

काकू कागद न्यायला आल्या तेव्हा पिशवीतून एकेटीच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "डॉक्टरसाहेब, या उरल्यात. सरकारी आहेत, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील."

घेतल्या मी.