नाव राहिलं

दुपारी इंटरनेट रेडिओ चालू होता. बास क्लॅरिनेट, सोबतीला नुसते ड्रम, तेही मधूनच गप्प. ठेका असा नाहीच. दोघं एकमेकांचा अंदाज घेत पुढे सरकत होते. दहा-अकरा मिनिटांनी थांबले. निवेदिका म्हणाली, गेल्याच आठवड्यात आलेला अल्बम आहे, वादक आहेत... आणि दारावरची बेल वाजली. परत येतोय तोवर पुढचं काहीतरी सुरू.

काय काय वाजलं याची यादी स्टेशनच्या साइटवर असते, ठाऊक आहे. मी बघत नाही. फोनला ऐकवून नाव विचारणं तर मला परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावल्यासारखं वाटतं. नाव कानावर पडलं तर पडलं. हट्टच म्हणा.

हा हट्ट काकांच्या ट्रान्झिस्टरपासूनचा. रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओ केंद्राचा, जॅझचा तास लागायचा. विलिस कॉनोव्हर तो १९५५ पासून करत होते. आधी एलिंग्टनच्या बँडची सिग्नेचर ट्यून, मग तो खर्जातला आवाज. परक्या मुलखातल्यांना कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलणारा. (खुद्द अमेरिकेत हा माणूस फारसा कुणाला माहीत नव्हता. त्या केंद्राचे कार्यक्रम देशातल्या श्रोत्यांसाठी लावायला कायद्यानेच मनाई होती!) पण आयनांबरावरून, वातावरणाच्या वरच्या थरावरून, उसळून येणाऱ्या लहरींना कॉनोव्हरसाहेबांच्या उच्चारांचं काय? आवाज भरून यायचा, ओसरायचा, आणि ओसरायचा तो नेमका नावाच्या वेळी. काका डब्याला कान लावून बसायचे, मी अँटेना धरून उभा. जे ऐकू येईल ते देवनागरीत वहीत उतरवायचं काम माझंच. त्या वहीत 'एरिक डॉल्फिन' बरीच वर्षं पोहत होता. काकांनीही कधी खोडला नाही.

हा 'डॉल्फिन' म्हणजे एरिक डॉल्फी, बास क्लॅरिनेट वाजवणारा अमेरिकन जॅझ वादक. तो नीट भेटला तो फार उशिरा. त्याचं 'लास्ट डेट' हे रेकॉर्डिंगसुद्धा रेडिओसाठीच झालेलं, नेदरलँड्समधल्या हिल्व्हर्समला, २ जून १९६४ रोजी. पियानोवर मिशा मेंगेलबर्ग, ड्रमवर हान बेनिंक. २९ जूनला बर्लिनमध्ये डॉल्फी गेला. वय ३६. रेकॉर्डच्या शेवटी तो स्वतः बोलतो, तेही एका रेडिओ मुलाखतीतलं: संगीत संपलं की हवेत जातं, पुन्हा हाती लागत नाही.

हे वाक्य मी सुई उचलून उचलून किती वेळा ऐकलंय, मोजलं नाही.

वही अजून आहे. आजची नोंद केली: बास क्लॅरिनेट, ड्रम. नाव राहिलं. बेल शेजाऱ्यांकडे आलेल्या कुणाचीतरी होती.