षड्ज काढून घेतला तर

व्हिएन्नात स्वस्तात संगीत ऐकायचं तर उभं राहायची तयारी हवी. ऑपेरात उभ्याची तिकिटं वेगळी मिळतात, आणि आत शिरल्या शिरल्या कठड्याला आपला स्कार्फ बांधून ठेवायचा, की ती जागा तुमची. मग खुशाल कॉफी पिऊन या, कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या कुळातली मी, मला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

परवा म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात मागच्या बाजूला अशीच उभी होते. एक जानेवारीला टीव्हीवर वॉल्ट्झ वाजताना दिसतो ना, तोच हॉल. कार्यक्रम होता व्हिएन्नाचाच संगीतकार आल्बान बेर्ग याच्या व्हायोलिन कन्चेर्टोचा, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी, वय सहज पंचाहत्तर, मला म्हणाल्या, “पहिल्यांदाच ऐकताय का? शेवटपर्यंत थांबा बरं.” इथले बरेच लोक थांबत नाहीत, हे त्यातून कळलंच.

याच सभागृहात ३१ मार्च १९१३ ला मारामारी झाली होती. बेर्गचे गुरू आर्नोल्ड श्योनबेर्ग ऑर्केस्ट्रा चालवत होते. त्यांचाच दुसरा शिष्य वेबर्न याची रचना झाली, श्योनबेर्गची स्वतःची चेंबर सिंफनी झाली, आणि बेर्गची दोन गाणी सुरू झाली तसा हॉल पेटला. शिट्ट्या, आरडाओरडा, आणि आयोजकाने एकाच्या थोबाडीत दिली. शेवटी संगीतकार महलरची रचना वाजायची होती, ती राहूनच गेली. व्हिएन्नाच्या बोलीत थपडेला ‘वात्शे’ म्हणतात, म्हणून तो कार्यक्रम आजही ‘वात्शेनकॉन्त्सर्ट’ या नावानेच ओळखला जातो. थपडांची मैफल! जेमतेम दोन महिन्यांनी, २९ मे रोजी, पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीच्या ‘वसंताचा विधी’ या बॅलेला तसाच गोंधळ झाला आणि जगाला तोच लक्षात राहिला. व्हिएन्नाकरांना याचं अजून जरा लागतं.

पण लोक एवढे चिडले कशाने? मला हे पेटीवरच समजतं. एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या. आपण त्यातली एक धरतो आणि म्हणतो, हा माझा सा. तानपुरा लागला की बाकीचे सूर त्याच्याभोवती आपापल्या घरी जाऊन बसतात. युरोपातही तीनेकशे वर्षं थोडंफार असंच चाललं होतं. एक सूर घराचा, बाकीचे तिथून निघणार आणि तिथेच परतणार. जर्मन संगीतकार वाग्नरने हे परतणं इतकं लांबवलं की घर दिसेनासं व्हायला लागलं. फ्रान्सच्या देबुसीने तर १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचा गामेलान हा वाद्यवृंद ऐकला आणि घराची फारशी फिकीरच सोडली. हंगेरीचा बार्तोक ध्वनिमुद्रणाचा फोनोग्राफ खांद्यावर टाकून हंगेरी-रोमानियाच्या खेड्यांत लोकगीतं गोळा करत हिंडला, त्याला तिथे वेगळीच घरं सापडली. श्योनबेर्गनी मात्र थेट षड्जच काढून घेतला. पुढे १९२० च्या दशकात नियमही केला: बाराही सूर सारखे, त्यांचा एक क्रम ठरवायचा आणि सगळे येऊन गेल्याशिवाय कुठलाही पुन्हा डोकं वर काढणार नाही. म्हणजे कुठला सूर न्यास करून बसला, असं वाटायलाच नको.

गंमत म्हणजे माणूस स्वतः कमालीचा अंधश्रद्धाळू. तेराची धास्ती इतकी की ‘मोझेस उंड आरोन’ या ऑपेराचं नाव तेरा अक्षरांचं होऊ नये म्हणून आरोनमधला एक ‘ए’ उडवला. जन्म १३ सप्टेंबर १८७४ चा, मृत्यू १३ जुलै १९५१ ला, तोही शुक्रवारी, लॉस एंजेलिसमध्ये. नाझींच्या काळात देश सोडावा लागला तो कायमचाच. अस्थी नंतर व्हिएन्नात आणल्या. माझ्या ऑफिसजवळून जाणारी ७१ नंबरची ट्राम मुख्य दफनभूमीला जाते, आणि तिथे त्यांचा पांढरा संगमरवरी ठोकळा एका कडेवर तिरका उभा आहे, कोणी मुद्दाम नीट ठेवला नाही असा. इथे एखादा गेला की लोक म्हणतात, ‘त्याने ७१ पकडली.’

त्यांची दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. १९१८ मध्ये त्यांनी खासगी वादनासाठी एक मंडळ काढलं. टीकाकारांना बंदी, काय वाजणार ते आधी सांगायचं नाही, टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत, आणि अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजवायच्या. एकदा थोबाडीत खाल्लेल्या माणसांनी काढलेला उपाय! त्या मंडळात देबुसी, बार्तोक, स्ट्राविन्स्की सगळे वाजले. दोन-तीन वर्षांत पैसे संपले आणि ते बंद पडलं.

खरं सांगते, श्योनबेर्गच्या बारा सुरी रचना मला आजही दाद न देता ऐकायच्या वाटतात. बेर्ग मात्र वेगळा. कन्चेर्टो सुरू होतो तेव्हा व्हायोलिन फक्त मोकळ्या चार तारांवरून गज फिरवतं, जणू वादक अजून तारा लावतोय. मी चक्क कान टवकारले. आपल्याकडे तानपुरा लागताना लोक गप्पा मारतात, इथे तेच सुरुवातीचं संगीत! बेर्गने बारा सुरांचा क्रमच असा रचला की त्या चार तारा त्यात बसाव्यात. १९३५ मध्ये संगीतकार महलरची विधवा आल्मा आणि तिचा दुसरा नवरा, वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस, यांची मुलगी मानोन अठराव्या वर्षी पोलिओने गेली, तिच्या आठवणीत त्याने हे लिहिलं. त्याच डिसेंबरात तो स्वतः गेला. पहिला प्रयोग बार्सिलोनात १९३६ मध्ये झाला, त्याने तो ऐकलाच नाही.

आणि शेवटच्या भागात, सगळी धुमश्चक्री झाल्यावर, एक जुनं भजनासारखं पद वर येतं. जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या एका रचनेतलं. त्याचे पहिले चार सूर एकेक पूर्ण पायरीने चढतात. बेर्गच्या क्रमाचे शेवटचे चार सूरही तशाच चढणीचे आहेत, त्यामुळे दोनशे वर्षांच्या अंतरावरचे जुने-नवे सांधे तिथे जुळतात. मला मात्र तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी फक्त उभ्या उभ्या दचकले, कारण ते मला ओळखीचं होतं.

घरी येऊन बाबांना लिंक पाठवली, कुठल्या मिनिटाला ऐकायचं तेही लिहिलं. पुण्यात तेव्हा पहाट झाली होती. पहिला फोन: “अगं, हे काय? तानपुरा बंद पडला की काय त्यांचा?”

“बाबा, मी सांगितलंय तिथून ऐका ना.”

दहा मिनिटांनी दुसरा फोन. मागे पेटी वाजत होती, आणि बाबा एका बोटाने हळूहळू चढत होते. सा, रे, ग, तीव्र म.

“यमन आहे हा,” ते म्हणाले. “पुढे पंचमावर का जात नाही तो?”